आधी कल्चर, मग गोळी

लघवीला आग होते म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला द्या. मी जिल्ह्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आदल्या दिवशी लावलेल्या प्लेट्स सकाळी उघडायच्या, त्यांवर कोणता जंतू वाढला आहे ते ओळखायचं आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते डॉक्टरांना कळवायचं, हे माझं रोजचं काम. त्यात एक प्रकार वारंवार दिसतो. सोबतच्या कागदावर ताप आणि जळजळ लिहिलेली असते, सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत भरपूर पू दिसतो, आणि प्लेट मात्र कोरी निघते. चौकशी केली की कळतं, नमुना देण्याआधी दोन दिवस घरातली कुठलीतरी उरलेली अँटिबायोटिक चालू होती. तेवढ्याने जंतू मेलेला नसतो, दबलेला असतो. आजार अंगात राहतो आणि तो कोणामुळे झाला हे सांगणारा पुरावा जातो.

सहा महिन्यांचं बाळ, कॉलेजात जाणारी मुलगी, गरोदर बाई, पाळी गेलेली मावशी, प्रोस्टेट वाढलेले आजोबा आणि रुग्णालयात नळी घातलेला रुग्ण, या सगळ्यांच्या कागदावर 'युरिन इन्फेक्शन' असंच लिहिलेलं असतं. त्यामागचा जंतू मात्र वयाप्रमाणे, बाई की पुरुष यावर आणि शरीरात आधीपासून काय अडचण आहे त्यावर बदलतो. शेजारणीला ज्या गोळीने गुण आला तीच आपल्या बाळाला किंवा वडिलांना लागू पडेल, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ई. कोलाय. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शीमध्ये तो शोधला आणि त्यांच्याच आडनावावरून पुढे त्याचं नाव पडलं. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या मोठ्या आतड्यात राहतो आणि तिथे काही त्रास देत नाही. गुदद्वाराभोवतीच्या कातडीवरून तो लघवीच्या जागेपर्यंत येतो आणि तिथून वर चढतो. धारेबरोबर तो वाहून जायला हवा, पण त्रासदायक वाणांच्या अंगावर अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांच्या आधाराने ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतात. एरवी निरोगी असलेल्या बाईला होणाऱ्या साध्या संसर्गात चारपैकी साधारण तीन वेळा हाच असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब, पुरुषाची वीसच्या आसपास. बऱ्याच अंशी या फरकामुळे जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो.

लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत जळजळ सुरू झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं मी पाहिली आहेत. त्याचा तिच्या स्वच्छतेशी किंवा चारित्र्याशी काहीही संबंध नाही. शरीरसंबंधाच्या वेळी बाहेरच्या कातडीवरचे जंतू आत ढकलले जातात. त्यानंतर लगेच लघवीला जाऊन येण्याची सवय ठेवावी, आणि त्रास झालाच तर नवऱ्याने तिला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जावं. या वयाच्या बायकांमध्ये कधी कधी स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस नावाचा जंतू निघतो. लहान मुलांत आणि म्हातारपणी तो क्वचितच दिसतो. लघवीत पट्टी बुडवून जी झटपट तपासणी करतात, तिच्यात नायट्राइटचा रंग याच्यामुळे येत नाही. म्हणून त्या एका रंगावर विसंबून 'तुला काही झालेलं नाही' असं कोणी कोणाला सांगू नये.

निरोगी तरुण बाईला पहिल्यांदाच साधी जळजळ झाली, ताप नाही, ती गरोदर नाही, तर डॉक्टर कल्चर न करताही औषध देतात आणि त्यात चूक नाही. माझा आग्रह बाकीच्यांसाठी आहे: ज्यांना थंडी वाजून ताप येतो, ज्यांना त्रास पुन्हा पुन्हा होतो, गरोदर बायका, लहान मुलं, पुरुष, मधुमेही आणि नळी घातलेले रुग्ण.

त्यातही बाळांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. आग होते हे त्याला सांगता येत नाही. ताप येतो, दूध ओढत नाही, उलट्या होतात, वजन वाढत नाही. सर्दी-खोकला नाही, जुलाब नाहीत, आणि तरी अंग शंभरच्या वर तापलेलं. घरात कोणी म्हणतं दात येताहेत, कोणी दृष्ट काढतं. दुसरं काहीच कारण सापडत नसलेल्या अशा तापलेल्या बाळांपैकी साधारण वीसात एकाला मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. पहिल्या काही महिन्यांत तो मुलग्यांमध्ये जास्त आढळतो, वर्षानंतर मुलींमध्ये. आणि ज्या मुलांना संसर्गाबरोबर ताप येतो, त्यांच्यातल्या जवळपास एक तृतीयांश मुलांची लघवी मूत्राशयातून वर मूत्रपिंडाकडे उलटी जात असते. असे संसर्ग पुन्हा पुन्हा झाले तर मूत्रपिंडावर व्रण राहतात. त्यांचे परिणाम मूल मोठं झाल्यावर रक्तदाबाच्या आणि किडनी निकामी होण्याच्या रूपाने समोर येतात. म्हणून बाळाला कारण नसलेला ताप असेल तर 'लघवीची तपासणी करायची का?' हा प्रश्न डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून विचारा.

मुलग्यांमध्ये ई. कोलायखेरीज प्रोटियस नावाचा जंतू सापडतो. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली तो मुक्काम करतो. प्लेटवर तो एका ठिकाणी थांबत नाही, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठावीत तसा पसरत जातो. लघवीतल्या युरियापासून तो अमोनिया करतो, त्यामुळे लघवीचा आम्लपणा जातो आणि खडे तयार व्हायला जागा मिळते. कोणत्याही वयात कल्चरमध्ये प्रोटियस पुन्हा पुन्हा आला तर सोनोग्राफी करून खडा आहे का ते पाहायलाच हवं, कारण खड्याच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत औषध पोचत नाही. इथे आयांना आणि आज्यांना हात जोडून सांगते, तान्ह्या मुलग्याची कातडी साफ करण्यासाठी जोर लावून मागे ओढू नका. या वयात ती चिकटलेली असणं नैसर्गिक आहे. ओढल्याने जखम होते आणि पुढे कातडी आकसते. त्याऐवजी एक गोष्ट नीट बघा: मूल शू करतं तेव्हा धार कशी पडते? जोराची कमान पडत असेल तर काळजी नाही. थेंब थेंब येत असेल, कुंथावं लागत असेल, तर मूत्रनलिकेत जन्मजात पडदा असू शकतो. अशा बाळाला लगेच दाखवा.

बाळाच्या लघवीसाठी चिकटवायची प्लास्टिकची पिशवी मिळते. तिच्यातला नमुना कल्चरला चालत नाही, कातडीवरचे जंतू त्यात उतरतात आणि निरोगी बाळाचाही रिपोर्ट खराब येतो. जागा पाण्याने स्वच्छ धुऊन, बाळाला मांडीवर घेऊन, शू होताना मधली धार डबीत झेलावी. तेवढा वेळ नसेल तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतात. बघताना जीव कळवळतो, पण रिपोर्ट खात्रीचा मिळतो.

शाळकरी मुलींचं दुखणं बऱ्याचदा शाळेच्या स्वच्छतागृहाशी आणि बद्धकोष्ठाशी जोडलेलं असतं. दिवसभर लघवी धरून ठेवणारी आणि तीन-तीन दिवस शी न होणारी मुलगी दर दोन महिन्यांनी आजारी पडत असेल, तर आधी तिचं पोट साफ होईल असं बघा. आतड्यात साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो आणि ते पूर्ण रिकामं होऊ देत नाही.

गरोदरपणाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना कसलाच त्रास होत नसतो. आग नाही, ताप नाही. वाढणाऱ्या गर्भाशयाच्या दाबाने आणि संप्रेरकांमुळे लघवीचा वेग मंदावलेला असतो, त्यामुळे हे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. उपचार झाला नाही तर अशा चार जणींपैकी एकीला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होऊ शकतो, थंडी-तापाने दवाखान्यात दाखल व्हावं लागतं आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते. दर भेटीत लघवीतली साखर आणि प्रथिनं पाहतात, त्या तपासणीत हे जंतू कळत नाहीत. म्हणून नाव नोंदवतानाच, सुरुवातीच्या महिन्यांत एकदा कल्चर करून घ्यावं. आशाताईंना विचारा, डॉक्टरांना विचारा, विचारायला संकोच करू नका. आणि रिपोर्टमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस असं नाव आलं, तर तो कागद बाळंतपणाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. हा जंतू आईला फारसा त्रास देत नाही, पण जन्माच्या वेळी बाळाला लागला तर पहिल्या काही दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकतं. कळांच्या वेळी आईला इंजेक्शनमधून अँटिबायोटिक दिलं की हा धोका खूप कमी होतो, पण ते देण्यासाठी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं. योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू घटतात आणि त्यांच्या जागी आतड्यातले येऊन बसतात. पन्नाशी-साठीतल्या बायकांना वारंवार होणाऱ्या त्रासाचं हे मोठं कारण आहे. योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम यावर चांगला उपाय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याबद्दल जरूर विचारा.

पुरुषांमध्ये तरुणपणी असा संसर्ग सहसा होत नाही. झाला तर खडा आहे का, अडथळा आहे का, हे शोधावंच लागतं. तरुणाला जळजळीबरोबर पांढरा किंवा पिवळा स्राव येत असेल तर ते बहुधा लैंगिक संबंधातून आलेलं दुखणं असतं, त्याची तपासणी वेगळी असते आणि जोडीदाराचाही उपचार करावा लागतो. लपवून कोणाचंच भलं होत नाही. साठीनंतर प्रोस्टेटची गाठ वाढते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. इथे ई. कोलायच्या जोडीला एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला आणि स्युडोमोनास दिसू लागतात. क्लेब्सिएला प्लेटवर ओलसर, चिकट वाढतो. मधुमेही लोकांच्या नमुन्यात तो मला नेहमी भेटतो. साखर ताब्यात नसेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग कधी कधी काही तासांत गंभीर वळण घेतो.

आता गोळ्यांकडे येते. मेडिकलमध्ये ताप-जळजळ सांगितली की बऱ्याचदा हातात पडते ती सेफिक्झिम. एन्टेरोकॉकसवर सेफिक्झिमचा औषधगट मुळातच चालत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या साध्या संसर्गावरचं उत्तम औषध आहे, मीही त्याची बाजू घेते, पण प्रोटियस आणि स्युडोमोनासवर त्याचा उपयोग नाही, आणि मूत्रपिंडाच्या मांसल भागात ते पुरेसं पोचत नसल्यामुळे तापाच्या रुग्णाला ते पुरत नाही. म्हणजे प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडिलांना मुलाने आपल्या बायकोचं उरलेलं पाकीट दिलं, तर वडील पाच दिवस औषध घेऊनही बिनऔषधाचेच राहू शकतात. त्या पाच दिवसांत जंतू रक्तात गेला तर गाठ अतिदक्षता विभागाशी पडते.

शिवाय औषधं निकामी होत चालली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं म्हणजे आयसीएमआरचं जाळं २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांतून ही माहिती गोळा करतं. तिथल्या ई. कोलायपैकी बहुसंख्य आता सिप्रोफ्लोक्सासिनला आणि सेफोटॅक्सिमसारख्या इंजेक्शनांना दाद देत नाहीत. एकेकाळी याच औषधांवर सगळी भिस्त होती. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीनुसार अनेक अँटिबायोटिक औषधांची विक्री चिठ्ठीशिवाय करता येत नाही आणि दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघ ही औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण आहे. ती रेघ दिसली की चिठ्ठी नसताना ते पाकीट मागू नका. दुकानदार मित्रांनाही माझं हेच सांगणं आहे.

कल्चरला नमुना देताना डबी प्रयोगशाळेतूनच घ्या. घरातली बाटली कितीही घासली तरी चालत नाही. हात आणि जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, डबीच्या आत बोट लावू नका. नमुना दोन तासांत पोचवा. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. रिपोर्ट यायला साधारण दोन दिवस लागतात. तोवर थांबायलाच हवं असं नाही, नमुना दिल्यानंतर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करू शकतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर ते बदलतात. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत कळ, उलट्या किंवा म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम, यांतलं काही असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि लघवीत पू वारंवार येतो, कल्चर मात्र दर वेळी कोरं येतं, असं झालं तर क्षयाची तपासणी करायला सांगा. मूत्रपिंडाचा क्षय आपल्याकडे आहे आणि त्याचा जंतू आमच्या नेहमीच्या प्लेटवर वाढत नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. त्रास काहीच नसताना रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणून औषध घेऊ नका. वय झालेल्या बायका-पुरुषांच्या लघवीत असे जंतू सर्रास असतात, आणि नळी घातलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत महिनाभरात ते येतातच. लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो एवढ्यावरून अँटिबायोटिक देणं म्हणजे उद्या खरंच गरज पडेल तेव्हाचं औषध आज वाया घालवणं. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. नळी असलेल्या माणसाची घरी सेवा करत असाल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली राहील असं बघा, ती जमिनीला टेकू देऊ नका, आणि नळी कधी काढता येईल हे डॉक्टरांना दर भेटीत विचारा. कल्चरसाठी पिशवीतली लघवी कधीही देऊ नका.

उन्हाळी लागली की आपल्याकडे धन्या-जिऱ्याचं पाणी देतात. द्यावं, पोटात पाणी जातंच आहे. वारंवार त्रास होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, आणि ज्यांनी सवय बदलली नाही त्यांना ३.२ वेळा. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असलेल्यांनी मात्र किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पण पाणी प्या असं नुसतं सांगून भागत नाही. एसटीने दोन तास प्रवास करणारी शिक्षिका, बंदोबस्तावरची महिला पोलीस, आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेली बाई, फडात कोयता चालवणारी ऊसतोड मजूर, यांना तहान लागत नाही असं थोडंच आहे? जायला जागा नसते म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' या नावाने बायकांनी याच प्रश्नावर चळवळ उभी केली, कारण सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट होत्या आणि बायकांकडून पैसे घेतले जात होते. आपल्या तालुक्यांत हा प्रश्न अजून तसाच पडून आहे. तुमच्या गावच्या बाजारात, स्टँडवर, शाळेत बायका-मुलींसाठी पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, ते या आठवड्यात जाऊन बघा. नसेल तर येत्या महिला ग्रामसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या.